मागे बसवलेला पंप

कोल्हापुरात चंपालालशेठ नावाचे एक गूळव्यापारी होते. वडिलांच्या वेळची लाल रंगाची, दोन आसनी स्पोर्ट्स कार त्यांनी जिवापाड सांभाळली होती. जुन्या गाड्यांच्या वार्षिक घाटफेरीत ती दिमाखात निघायची आणि ऐन चढावर गचके खाऊन बंद पडायची. इंजिन तापले की त्याला पेट्रोलच मिळेनासे व्हायचे. अखेर शेठ हिंदुराव वस्तादांच्या गॅरेजात आले. "यंदा वर पोचली तर ठेवीन, नाहीतर विकून टाकीन," एवढेच म्हणाले.

आजवर अवघड काम आले की वस्ताद स्वतः पुढे होत आणि त्यांची शिष्या शिवलीला हत्यारे पुरवी. या वेळी त्यांनी गाडी तिच्यावर सोपवली. टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे आणणारा, इंजिनवरचा जुना पंप काढून तिने विजेवर चालणारा नवा, दमदार पंप बॉनेटखाली, चटकन डोळ्यांत भरेल असा बसवला. चाचणीला निघालेली गाडी पहिल्याच मोठ्या चढावर थांबली.

"पंप सोडव," वस्ताद शांतपणे म्हणाले, "आणि पार मागं, टाकीच्या खालच्या अंगाला बसव."

"पण वस्ताद, इंजिन तर पुढं आहे."

"बसव तर खरं."

कोडे न उलगडताच तिने पंप मागे कसला.

फेरीच्या सकाळी वस्तादांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "तू चालव. मी जीपनं मागनं येतो."

घाट लागला. गाडी दरवर्षी जिथे दम सोडायची ते वळण आले, तेव्हा शेजारी बसलेल्या शेठनी डोळेच मिटले. शिवलीलाने पाय दाबला. इंजिनाचा सूर जराही तुटला नाही. वळण मागे पडले, पुढच्या दोन गाड्याही मागे पडल्या, आणि लाल गाडी गर्जत माथ्यावर पोचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठ डोळे पुसत म्हणाले, "विकायची गोष्ट आता संपली, ताई."

जीप आली तशी शिवलीला वस्तादांकडे गेली. "पंप तोच होता वस्ताद. मग हे झालं कसं?"

"पंपाला रेटणं जमतं, ओढणं जमत नाही. पुढं बसवलास तेव्हा तो लांबच्या टाकीतनं ओढत राहिला. तापल्या नळीत पेट्रोलची वाफ झाली, ती काय ओढणार? टाकीखाली पेट्रोल आपसूक त्याच्याकडं उतरतं. त्यानं नुसता मागनं रेटा द्यायचा." वस्ताद तिच्याकडे वळले. "इतकी वर्षं मी पुढं उभा राहून तुला ओढत होतो, पोरी. आज मागं राहिलो."

नवा पंप पाहायला लोक बॉनेटभोवती जमले होते. शिवलीलाने त्या सगळ्यांना गाडीच्या मागे नेले आणि खाली वाकून त्याची जागा दाखवली.

ज्याला आपण पुढे जाताना पाहू इच्छितो, त्याच्या वाटेत आपणच तर उभे नाही ना, एवढे आपणही एकदा पाहावे.