केरबाच्या कुत्र्यानं गवत खाल्लं

एका वाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे इतका, की बायकोनं ‘दुधावर लक्ष ठेवा’ म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत टक लावून बघत बसायचा. लक्ष मात्र जरासुद्धा हलायचं नाही.

त्याचा एक कुत्रा होता, टिपक्या. एके सकाळी टिपक्या बांधावर गेला आणि बकरीसारखा गवत खायला लागला. केरबानं टिपक्याला उचललं आणि तडक गुरांचा दवाखाना गाठला.

“साहेब, माझा कुत्रा बकरी व्हायला लागलाय!”

डॉक्टर हसले. “अहो, कुत्री खातातच गवत. कधी पोट जड झालं म्हणून, कधी नुसतं कोवळं आवडलं म्हणून. खाणाऱ्याला खाऊ द्यावं. आपण काळजी करू नये.”

केरबाचा जीव भांड्यात पडला. “खाणाऱ्याला खाऊ द्यावं,” असं घोकत तो घरी आला. बघतो तर शेजाऱ्याची म्हैस परसातली मेथी खातेय. केरबा शेजारी उकिडवा बसला. म्हशीनं मेथी संपवली, कोथिंबीर संपवली, आणि दोरीवरच्या लुगड्याकडे वळली. तेवढ्यात बायको, अनसा, आतून धावत आली.

“अवो, बघत काय बसलाय?”

“काळजी करायची नाही, अनसा. पोट जड झालं असंल तिचं.”

“ते आत्ता झालंय! कुणी आपल्या घरचं खायला लागलं की हाड् म्हणावं, काठी उगारावी!”

“बरं,” केरबा म्हणाला.

दुपारी अनसाचे वडील आले, दौलतमामा. अंगानं काडी, पण राग नाकाच्या शेंड्यावर. अनसानं ताट वाढलं. मामांनी पहिला घास उचलला, तर केरबा काठी उगारून समोर उभा.

“हाड्! हाड्!”

घास ताटात पडला. मामांच्या मिशा थरथरल्या.

“जावईबापू, खाणाऱ्याला कुणी हाकलतं का? हात जोडावेत, ‘अजून घ्या’ म्हणावं. तो नको म्हणाला तरी ऐकू नये. आणि ध्यानात ठेवा, आणखी एक असला खुळेपणा केलात, तर लेकीला घेऊन सरळ गावी जाईन!”

केरबा घाबरला. अनसावर त्याचा फार जीव. ती गेली तर काय करायचं, हे सांगायलाही त्याला अनसाच लागली असती.

“नको म्हणाला तरी ऐकू नये,” म्हणत तो अंगणात आला. टिपक्या गवताची दोन पाती चघळत होता. केरबानं हात जोडले.

“टिपकोबा, अजून घ्या.”

टिपक्यानं तोंड फिरवलं.

“असं कसं? आमच्या हातचं एवढं तरी!”

आणि त्यानं मूठभर गवत टिपक्याच्या तोंडात कोंबलं. टिपक्या ओकला, तो थेट मामांच्या जोड्यात.

पुन्हा दवाखाना. या वेळी डॉक्टर हसले नाहीत.

“स्वतः खाईल तेवढंच खाऊ द्या, कोंबू नका. औषध फवारलेल्या गवताकडं जाऊ देऊ नका. एखाद्या वेळी ओकला तरी घाबरायचं नाही. पण भाकरी सोडून नुसता पालाच खायला लागला, सुस्त पडला, शेपूटही हलवेना, तर मग कुणाला विचारत बसू नका. चावेल म्हणून गोणपाटात गुंडाळा आणि उचलून इकडं आणा.”

“बरं,” केरबा म्हणाला.

त्या रात्री अनसानं बापाचा राग घालवायला पुरणपोळ्या केल्या. मामांनी रागारागात जरा जास्तच खाल्ल्या. सकाळी भाकरीचं ताट त्यांनी बाजूला सारलं. “नको गं, पोट जड झालंय.” मुळ्याचा कोवळा पाला तेवढा मिठाला लावून खाल्ला आणि ओसरीवर आडवे झाले. डोळा लागला.

केरबा खांबाआडून बघत होता. भाकरी सोडली. पाला खाल्ला. सुस्त पडले. मामा कितीही रागीट असले तरी अनसाचे वडील! अनसा विहिरीवर होती, पण कुणाला विचारत बसायचं नव्हतं. त्यानं मामांना गोणपाटात गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि भर बाजारातून पळत सुटला. आतून आरडाओरडा चालला होता.

“भुंकू नका, मामा. आलंच जवळ.”

दवाखान्यात डॉक्टरांनी गोणपाट सोडलं. आतून आधी मिशा निघाल्या, मग मामा. मागोमाग धापा टाकत अनसा आली. टेबलावर आपला बाप बघितला आणि पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“हसतेस काय?” मामा गरजले. “गाठोडं बांध, चल गावी!”

“आबा, मी आले तर बाकीच्या वाडीला गोणपाटातनं कोण सोडवणार?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “केरबा, अहो, ह्यांना इथं का आणलंत?”

“तुम्ही सांगितलं तस्संच झालं, साहेब,” केरबा काकुळतीनं म्हणाला. “भाकरी सोडली, पाला खाल्ला, सुस्त पडले. शेपूट हलतंय का, तेवढं बघायचं राहिलं. धोतरालाच हात लावू देईनात!”