सुभानरावांचा पांढरा घोडा

करंजवण्याचे जहागीरदार सुभानराव यांना आपल्या पांढऱ्याशुभ्र घोड्याचा भारी अभिमान. त्यांनी सखोबा चिताऱ्याला घोड्याचं चित्र काढायला बसवलं आणि बजावलं, "पसंत पडलं नाही, तर या जहागिरीत पुन्हा कुंचला धरायचा नाही!"

सखोबा जलरंगात काम करी. बारा दिवस खपून त्यानं मागची झाडी, तबेल्याची भिंत, खरारा करणारा नोकर, घोड्याचे डोळे, अंगावरच्या फिकट निळ्या सावल्या रंगवल्या आणि घोड्याच्या पांढऱ्या अंगासाठी कागद तसाच कोरा राखला.

भर कचेरीत कारभाऱ्यांसमोर सुभानरावांनी चित्रावरून बोट फिरवलं आणि ते कडाडले, "लबाडा! इथं रंगच नाही. झाडं रंगवलीस, भिंत रंगवलीस, आणि माझा घोडा काढायचाच राहिला?"

सखोबानं हात जोडले. "चूक झाली असेल, सरकार. घोडा नेमका कुठं हवा होता?"

"कुठं म्हणजे? हा इथं! डावा पाय उचललाय, कान टवकारलेत, आणि खरारा करणाऱ्यावर डोळे वटारतोय, तो!"

"सरकारांना त्याचा रागसुद्धा दिसला," सखोबा नम्रपणे म्हणाला, "मग माझं काढायचं काय राहिलं?"

आधी कारभाऱ्यांना हसू फुटलं. सुभानरावांनी मिशीवरून हात फिरवला, पुन्हा एकदा चित्राकडं पाहिलं आणि तेही हसले. चित्र भिंतीवर लावायचा हुकूम सुटला. शिपायानं ते उचललं, तसे सुभानराव घाईनं ओरडले, "अरे, हात धुऊन ये आधी! घोडा मळेल!"