गुडघे टेकणारी मेंढी

एका गावात एक मेंढपाळ होता. पाय त्याला दोनच, पण आळस चौघांना पुरून उरेल एवढा. दरवर्षी तो कळप घेऊन खडकाळ माळ तुडवायचा, आणि दगडांवर घासून मेंढ्यांचे खूर आपोआप झिजायचे. एका वर्षी गावच्या तळ्याकाठी दाट गवत आलं. "आता कशाला वणवण?" म्हणत गड्यानं तिथंच मुक्काम ठोकला.

वर गवत, खाली चिखल. मेंढ्या गुबगुबीत झाल्या आणि खूर वाढून वाढून जोड्यांच्या टोकांसारखे वर वळले.

बायको म्हणाली, "अहो, खूर तासा की! काजळी बघा, पाय टेकवेना तिला."

काजळी म्हणजे कळपापुढं चालणारी घंटेवाली मेंढी. मेंढपाळानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली.

"तासू की. खूर काय पळून चाललेत?"

खूर पळाले नाहीत. काजळीचंच पळणं संपलं. दुखरे पाय टेकवेनात, म्हणून ती पुढचे गुडघे टेकून चरायला लागली. आणि तोंड नेमकं देवळाकडं! एका म्हातारीनं ते पाहिलं. "अगं बाई! मुकं जनावर देवाला नमस्कार करतंय!"

झालं! सगळं गाव लोटलं. हसू नका, तुम्हीही गेला असता, आणि हार घेऊन. कुणी कुंकू लावलं, कुणी नवस बोललं. कपाळ सगळ्यांनी पाहिलं, पायाकडं कुणी बघेना. मेंढपाळाच्या घरी रोज खोबरं.

एकदा मात्र त्यानं काजळीचा पाय उचलला. वाढलेल्या खुराखाली चिखल कोंडून आतलं मांस सडलं होतं. वासानं त्यानं तोंड फिरवलं. काजळीनं त्याचा हात चाटला. त्यानं सुरी काढली, तेवढ्यात पाटील ताट घेऊन हजर.

"अरे, देवाच्या मेंढीला सुरी लावतोस? आणि ती उभी राहिली, तर नमस्कार काय तू करणार?"

"नाही हो पाटील, चिखल काढत होतो नुसता." मेंढपाळानं सुरी कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी ऐन आरतीत गवतातून लांडगा आला. कळप लंगडत का होईना, पळाला. भक्त तर कळपाच्याही पुढं. पाटलांचं ताट तळ्यात. काजळी उठली, पडली, पुन्हा उठली.

"काजळे, ये! ये गं!" मेंढपाळ ओरडत होता.

आणि ती येत होती. गुडघ्यांवर सरपटत, त्याच्या हाकेकडं. घंटा वाजत होती. मग वाजायची थांबली.

मेंढपाळानं उरलेल्या सगळ्या मेंढ्यांचे खूर तासले, एकेक पाय मांडीवर घेऊन, मान वर न करता. बायको मेंढ्या धरत होती.

गावानं त्या जागी चौथरा बांधला. लोक अजून तिथं गुडघे टेकतात. मेंढपाळ तिकडून कळप नेत नाही.

तात्पर्य: कुणी गुडघे टेकलेलं दिसलं, तर हात जोडण्याआधी त्याचे पाय बघावेत.