अंजनाची डहाळी

माझा बा दामजी सातपुड्यात जंगलराखा होता. नोकरी सरकारची, पण पाय झिजायचे ते बाचे. एकदा नवे रेंजरसाहेब आले. त्यांना वाटायचं, राखे सगळे सावलीला झोपा काढतात. त्यांनी हुकूमच काढला, "हद्दीवरच्या अंजनाची ताजी डहाळी रोज कचेरीत आणून दाखवायची. डहाळी नाही, तर नोकरी नाही." त्या रानात अंजनाचं झाड तेवढं एकच, तेही चार कोसांवर. बा वैतागला, पण वर्षभर डहाळ्या वाहत राहिला. घरात आम्ही सात खाणारी होतो.

मग एक दिवस साहेब घोड्यावरून हद्द बघायला गेले, तर झाड पार बोडकं. आल्या आल्या बाला समोर उभं केलं. "सरकारी झाड ओरबाडलंस तू. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

बा म्हणाला, "साहेब, झाडाला पानं राहिली असती तर मी कामचुकार ठरलो असतो. नाही राहिली, तर चोर ठरलो. आता झाडावर किती पानं ठेवली म्हणजे माझी नोकरी राहील, तेवढं कागदावर लिहून द्या."

साहेबांनी टाक उचलला, दौतीत बुडवला आणि तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी बा कामावर गेला, रिकाम्या हातानं.