गोठ्याच्या दाराशी गरम पाणी

फार फार वर्षांपूर्वी गोदाकाठच्या चिंचवाकीत ठकूबाई नावाची सुईण राहायची. तिचा हात लागला की अडलेली बाई मोकळी व्हायची, असं म्हणतात. अर्धं गाव तिच्याच हातांवर जन्मलेलं.

पुढे ठकूबाई ख्रिस्ती झाली, येशूला देव मानू लागली. झालं, गावानं तिला वाळीत टाकलं. रंगराव पाटील तसा मनानं वाईट नव्हता. तो तिच्या झोपडीशी आला आणि म्हणाला, "ठकूमावशी, तुजा येशू मोठा साधू व्हता, येवढंच म्हन. आमी बी त्याला हात जोडू. उद्यापासनं तू घराघरात ये."

ठकूबाईला माणसांची भारी ओढ. पण ती म्हणाली, "पाटील, साधू खालनं वर चढतो. ह्यो वरनं खाली उतरला. ज्यानं आभाळ केलं त्योच बाईच्या पोटात वाढला. त्याची नाळ बी कुनीतरी कापलीच असंल. मेला मानसावानी, उठला देवावानी. त्याला निस्ता साधू कशी म्हनू?"

पाटील आला तसा माघारी गेला.

मग वर्षांमागून वर्षं गेली. बोलावणं येईल म्हणून ती रोज सांजेला पाणी तापवायची. कुणी यायचं नाही. निवलेलं पाणी ती दारातल्या शेवग्याला घालायची. गावातून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं की हातातला घास तसाच राहायचा. देव सोडला नाही तिनं, पण माणसांवाचून जीव तुटायचा. काम करताना एकटीच कुणाशी तरी बोलत राहायची.

एकदा पाटलाची सून अडली. मूल आडवं आलेलं. भर दुपारी पाटील अनवाणी धावत आला आणि ठकूबाईला घेऊन गेला. वाड्याच्या उंबऱ्यावर भाऊबंद आडवे उभे. "आदी म्हन, त्यो साधू व्हता. मगच आत," ते म्हणाले. पाटलानं मान खाली घातली. आतून सुनेचा आवाज क्षीण होत चाललेला.

"मला घरात नगा घेऊ," ठकूबाई म्हणाली. "पोरीला गोठ्यात आना. माजा देव बी गोठ्यातच जन्मला."

गोठ्याचं दार लागलं. आत ठकूबाई बोलत होती आणि तिला कुणीतरी हळू आवाजात उत्तर देत होतं, असं म्हणतात. दावणीचे बैल गुडघे टेकून बसले, असंही म्हणतात. मग बाळ रडलं.

दार उघडल्यावर पाटलानं विचारलं, "आत तुज्यासंगं कोन व्हतं?"

"झोपडीत असतो त्योच," असं म्हणून ती हात धुऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव तिला घरात बोलवायला निघालं. भाऊबंद सगळ्यांच्या पुढे. पण ठकूबाई चुलीपाशी निजली होती ती उठलीच नाही. गावाचं बोलावणं तिला पोहोचलंच नाही. चूल थंडगार होती आणि तिच्यावरच्या भांड्यातलं पाणी कढत होतं, असं म्हणतात.

आता बाळंतपणाला बायका तालुक्याच्या दवाखान्यात जातात. पण चिंचवाकीतली कुठलीही सून जीपमध्ये बसण्याआधी घरचं कुणीतरी गोठ्याच्या दाराशी तांब्याभर गरम पाणी ठेवतं. गोठा नसला तर ट्रॅक्टरच्या शेडपाशी. सासू सुनेच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "जा बाई. बोलावणं धाडलंय. तू एकटी न्हाईस."