जंगलाला कुंपण

दोडामार्गाकडचं एक दाट रान तोडून तिथे तेलाच्या पामची लागवड करायचा एका कंपनीने घाट घातला. गावाचा कडाडून विरोध होता. सुनावणीत कंपनीचे व्यवस्थापक प्रांतसाहेबांना हसत म्हणाले, "ही मंडळी उगाच बाऊ करतायत. झाडं जाणार आणि झाडंच येणार. जंगल होतं, जंगलच राहील."

साहेबांनी मान डोलावली. रान वाचवण्यासाठी वर्षभर पायपीट केलेली शेवंती गवस उठली. ती शांतपणे म्हणाली,

"जंगलच राहणार असेल, तर आमचा विरोध नाही. फक्त कुंपण घालू नका. हत्ती, गवे आजवर फिरले तसेच फिरू देत."

"असं कसं चालेल, बाई? हत्ती सगळं पीक फस्त करतील," व्यवस्थापक बोलून गेले.

शेवंती साहेबांकडे वळली. "पीक म्हणाले ते. जंगल नाही म्हणाले."

सभेत हशा उसळला. साहेबांनाही हसू आवरेना. "शेतीसाठी जंगल तोडायची परवानगी मी देणार नाही," ते म्हणाले.

शेवंती खाली बसली. शेजारणीने पुढे केलेलं पाणी ती घटाघटा प्यायली, आणि मग तीही हसली.