वैराग्याचं झाड

"पण अव्वा, ह्या झाडाला पाणी लागतच नाही, म्हणून तर मी हे आणलं..."

महांतेश वाफ्यापाशी उभा होता. जतच्या बाजूच्या उघड्या माळावर छोटासा मठ. तिथल्या ऐंशीला टेकलेल्या गुरूला सगळे कानडीत अव्वा, म्हणजे आई, म्हणत. कॉलेजातली प्राध्यापकी आणि घरदार सोडून महांतेश तिच्याकडे आला, त्याला तीन वर्षं झाली होती.

झाड साल्व्हियाचं. राखाडी, खरबरीत पानं, चुरगाळली की उग्र वास. वर निळे तुरे. दुष्काळातही फुलतं, असं त्यानं वाचलं होतं. महिन्यापूर्वी नर्सरीतून बारा रोपं आणून लावली आणि लावल्यापासून थेंबभर पाणी दिलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगायचा, "हे वैराग्याचं झाड."

नऊ रोपं वाळली होती.

"मग पुस्तकात खोटं लिहिलंय का?"

अव्वा खाली बसली. एक वाळकं रोप अलगद उपटून तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं.

मुळं अजून नर्सरीच्या पिशवीच्याच आकाराची होती. जमिनीत एकही उतरलं नव्हतं.

"पहिलं वर्ष पाणी घालावं लागतं," ती म्हणाली. "मुळं खोल गेली, की मग नाही मागत."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारत कुठं होतास? तू सांगत होतास."

महांतेश मातीनं भरलेला हात तसाच पुढे धरून उभा राहिला.

"तुझी आई सकाळपासून ओट्यावर बसलीये," अव्वा म्हणाली.

याआधी आई दोनदा आली होती. दोन्ही वेळा तो खोलीतून बाहेर पडला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता.

"मी भेटणार नाही, अव्वा. ती ओढ सोडली मी. आता तहानच मेलीय माझी."

अव्वानं त्याचं हाडकुळं मनगट हातात घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"मेली... की तू वाळतोयस?"

त्यानं मनगट सोडवून घेतलं. पाय मात्र ओट्याकडे वळले.

आईनं काही विचारलं नाही. त्याचा हात ओढून घेतला, पदरानं माती पुसली, एकेक बोट निरखून पाहिलं.

"जेवलास का रे?"

एवढंच. तिच्या मांडीवर डोकं टेकून तो हमसून हमसून रडला.

ऊन कललं तेव्हा तो वाफ्याकडे परतला. डोळे लाल, आवाज बसलेला. अव्वा जिवंत राहिलेल्या तीन रोपांना तांब्यानं सावकाश पाणी घालत होती.

"अव्वा... मी हरलो. तीन वर्षांचं सगळं गेलं."

तिनं शेवटच्या रोपाच्या बुंध्याशी उरलेलं पाणी ओतलं.

"बरं झालं. तुझ्या आईचं अंथरूण माझ्या खोलीत घाल."